हरणं बघायला चाललोय

आमच्या बचत गटाच्या प्रत्येक सहलीत चपला राखायला एक माणूस लागतं, आणि सलग तीन सहली ते माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ होती.

तिला कुणी मुद्दाम बसवत नसे. हेच तर माझ्या डोक्यात जायचं. देवळाच्या पायरीपाशी आम्ही दहा-अकरा जणी चपला काढायचो, पिशव्या खाली ठेवायचो, ओटीचं सामान हातात घ्यायचो, आणि कुणीतरी सहज म्हणायचं, "तू हायेस न्हवं हितं?" ती असायचीच. माझा धाकटा दीर अपघातात गेला, त्यानंतर तिनं कुणाची ओटी भरायची नाही आणि तिचीही कुणी भरायची नाही, असं आपोआप ठरून गेलं. मग आत येऊन ती करणार तरी काय, असा सगळ्यांचा साधा विचार. आमचं सगळं उरकलं की ती एकटी आत जायची, हात जोडायची आणि लगबगीनं परत यायची, कारण तोवर आम्ही गाडीत बसून तिच्या नावानं ओरडायला लागलेलो असायचो. देवळात तिला कधी कुणी अडवलं नाही. देवानं तर नाहीच नाही. अडवत होतो आम्हीच, आणि ते सुद्धा हसत-खेळत, शेंगा-फुटाणे खात.

एकदा मी ओटीचं ताट गाडीतच ठेवलं आणि तिच्या शेजारी चपलांपाशी बसले. ती बिचारी इतकी अवघडली की तिनंच मला ढकलून आत पाठवायचा प्रयत्न केला. घरी येईपर्यंत ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. सवाशीण बाईनं देवीच्या दारातून ओटी न भरता परत यायचं म्हणजे काय! मी म्हटलं, धरा अबोला, मलाही जरा शांतता मिळेल.

मी अंगणवाडीत शिकवते. लहान मुलांशी रोज बोलून बोलून मला एक वाईट खोड लागली आहे. एखादी गोष्ट का करायची, हे मला कुणी नीट सांगितलं नाही, तर मी ती करत नाही.

आमचं गाव जामखेड तालुक्यातलं. मुरमाड रान, मधेमधे माळ, पाण्याची कायमची बोंब. तुरीला शेंगा धरल्या की हरणांचे कळप येतात आणि एका फेरीत अर्धं पीक ओरबाडून जातात, त्यामुळे हरीण म्हटलं की आमच्याकडे आधी दगड शोधतात. त्या वर्षी मार्गशीर्षात मी आणि धाकटी सकाळी शेतात शेंगा तोडत होतो. अचानक तिनं हात आडवा करून मला थांबवलं. बांधावर एक काळवीट उभा होता. काळाभोर, पोट पांढरं, शिंगं पीळ घातलेली. आमच्याकडेच बघत होता. तेवढ्यात विहिरीवरून आमच्या थोरल्या दिरांनी आरोळी ठोकली आणि पत्र्याचा डबा बडवला. काळवीट दोन उड्यांत दिसेनासा झाला.

थोरल्या दिरांना आम्ही सगळे दादा म्हणतो. घर त्यांच्या शब्दावर चालतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पीक सगळ्यांच्याच पोटाचं आहे. पण संध्याकाळी चुलीपुढे भाकऱ्या थापताना धाकटी हळूच म्हणाली, "अक्का, मला एकदा हरीन उभं ऱ्हायलेलं बघायचंय. आपल्याकडं निसतं पळतानाच दिसतं."

मी भाकरीवरचा हात थांबवला. दीर गेल्यापासून या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. साडी, बांगडी, माहेरी चार दिवस, काही म्हणजे काही नाही. जे मिळेल ते घ्यायची आणि जे सांगतील ते करायची. आणि मागितलं काय, तर उभं राहिलेलं हरीण!

मी तिथल्या तिथे ठरवलं की ही बाई हरीण बघणार. कर्जतच्या बाजूला काळविटांचं अभयारण्य आहे, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्या-मुंबईची माणसं तिथे गाड्या घेऊन येतात. आमच्या गावातलं कुणी तिथे कधी बघायला गेल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं.

गटाची बैठक दर महिन्याला अंगणवाडीतच भरते. सहलीचा विषय निघाला तशी मी म्हटलं, "औंदा हरनं बघायला जाऊ." असा हशा पिकला की बाहेरची कोंबडीसुद्धा दचकली. आमच्या शेजारच्या वहिनी, ज्यांच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा बंद होत नसावा, डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बया, फुकट येत्यात ती तुरीत. त्येंना बघायला आनि गाडी करून जायाचं?"

"तुरीत आली की तुमी बघता का? दगड मारता."

"मग काय ववाळायचं व्हय त्येंला?"

पुन्हा हशा. मी हटले नाही. मग खरी अडचण पुढे आली. घरी काय सांगायचं? आमच्या गावात बाईला दिवसभर घराबाहेर राहायचं तर लग्न लागतं, मयत लागतं, दवाखाना लागतो नाहीतर देव लागतो. नुसतं बघायला जाणं हे कारण कुणाच्याच घरात चालण्यासारखं नव्हतं. यावर तोडगा एका मिनिटात निघाला, आणि तो निघताच सगळ्यांचे चेहरे फुलले. हरणांच्या रानापासून राशीन काही लांब नाही. घरी सांगायचं राशीनच्या देवीला चाललो. आधी देवीची ओटी भरायची, मग जाता जाता हरणं. देवी खूश, घरचे खूश, आपण खूश.

"न्हाई," मी म्हटलं.

"का गं? देवीचं वावडं हाय का तुला?"

देवीचं मला काहीही वावडं नाही. माझ्या घरात देव्हारा आहे आणि मी रोज दिवा लावते. पण माझ्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहिलं. देवळाची पायरी, दहा जोड चपला आणि त्यांच्यापाशी गुडघ्याला मिठी मारून बसलेली धाकटी. त्या क्षणीही ती तिथेच होती, भिंतीला टेकून, खाली बघत. तिचं नाव घेऊन तिला सगळ्यांपुढे उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं. मी एवढंच म्हटलं, "देवाला जाऊ तवा देवाचं नाव घिऊ. हरनं बघायला जायाचं तर घरी बी तेच सांगायचं. ज्येला जमंल त्येनी यावं."

जमेना. एकीचा नवरा नको म्हणाला, एकीला नवऱ्याला विचारायचीच हिंमत नव्हती, एकीच्या सासूनं डोळे वटारले. शेवटी उरलो आम्ही चौघी. मी, धाकटी, गटाची खजिनदार आणि, कुणाला खरं वाटणार नाही, पण शेजारच्या वहिनी. वहिनींचं कारण असं की त्यांच्याशिवाय सहल गेली तर मागे काय बोलणं झालं ते त्यांना कळणार कसं?

खजिनदारानं तर माझं बोलणं संपायच्या आत बोट वर केलं होतं. ती बौद्ध. आमच्या देवदर्शनाच्या सहलींना ती फिरायला म्हणून यायची. देवळात जायची नाही, बाजारात हिंडायची आणि येताना धाकटीसाठी न चुकता भजी नाहीतर पेरू घेऊन यायची. मला म्हणाली, "ताई, पहिल्यांदा अशी सहल निघालीया की मला बी पुरती हाय."

घरी दादांना सांगायचं काम माझ्यावरच होतं. आमचे मालक या बाबतीत अगदी निरुपयोगी. विचारलं तर म्हणाले, "दादा म्हनतील तसं," आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

दादा ओट्यावर बसले होते. मी दारात उभी राहून सरळ सांगून टाकलं. दादांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, "बाया देवाला जात्यात, मी कदी आडवलं न्हाई. जनावरं बघायला कुठं बाया जात्यात व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, हरनं बघायला गेल्या."

"आनि धाकटीला कशाला? तिचं काय हाय तिथं?"

आता हे मात्र माझ्या वर्मी लागलं. "देवळात तरी तिचं काय असतं, दादा? चपला राखती. त्येच्यापरीस हरनं बघंल." माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. आमच्या घरात दादांपुढे कुणाचा आवाज चढत नाही. आत धाकटीनं हातातलं भांडं खाली ठेवलं, तेही मला ऐकू आलं. दादांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि "करा काय करायचं ते" म्हणून उठले. याला परवानगी म्हणतात की नाही मला माहीत नाही. मी परवानगीच धरली.

निघायच्या दिवशी पहाटे आत्याबाई माझ्या पिशवीपाशी काहीतरी करत होत्या. बघते तर भाकरीच्या फडक्याखाली नारळ, खण आणि हळदी-कुंकवाच्या पुड्या.

"जाता जाता राशीनला ठिव," त्या पुटपुटल्या. "म्हंजी गल्लीत बी सांगता यील."

मी नारळ उचलला आणि परत देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवला. "आत्याबाई, देवीला जाईन तवा देवीलाच जाईन. आज हरनं बघायला चाललोय."

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्या दुष्ट नाहीत. त्यांचं अख्खं आयुष्य दारातून बाहेर पडताना हातात नारळ धरून गेलंय, रिकाम्या हातानं बाहेर पडलेली बाई त्यांनी बघितलेलीच नाही. पण वाईट वाटलं म्हणून मी नारळ घेतला नाही. तो घेतला असता तर आमची सहल त्या नारळाच्या नावावर जमा झाली असती.

गाडीवाल्यानं सवयीनं देवीची गाणी लावली. खजिनदारानं ती बंद करायला लावून लावण्या लावल्या. वहिनींनी लाजायचं नाटक केलं आणि पुढे कर्जत येईपर्यंत त्याच सगळ्यांत मोठ्यानं गात होत्या. धाकटी खिडकीपाशी बसून बाहेर बघत होती. तिच्या मांडीवर आम्हा सगळ्यांच्या पिशव्या होत्या. त्या तिच्याकडे कधी आणि कशा गेल्या, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

अभयारण्याच्या दारात चौकी आहे. तिथल्या राखणदारानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. लुगड्यातल्या वहिनी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशव्या. तो म्हणाला, "मावशी, गवत कापाया बंदी हाय. इळा-कोयता असंल तर हितं ठिवा."

"गवत नगं आमाला."

"मग शेरडं चुकली का कोनाची?"

"न्हाई."

"देवळाला जायाचं असंल तर मागं फाट्यावर वळायचं हुतं."

"भाऊ," खजिनदार म्हणाली, "आमी हरनं बघायला आलोय. पावती फाडा."

त्यानं चौघींकडे आळीपाळीनं बघितलं. "निसतं बघायला?"

"निसतं बघायला," मी म्हटलं. असं सरळ म्हणायला किती बरं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. त्याचाही काही दोष नव्हता. तो म्हणाला, "आसपासच्या गावच्या बाया येत न्हाईत हो कदी. पुन्याची लोकं येत्यात, मोठं मोठं क्यामेरं घिऊन." मग त्यानं पावती दिली, पुढे मनोरा आहे, त्यावर चढून गप्प बसलात तर कळप पाण्यावर येताना दिसेल, असं सांगितलं. गप्प म्हणताना त्याची नजर वहिनींवर होती. माणसांची पारख असलेला मनुष्य.

पायवाटेनं चालायला लागलो. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मधेच हिवर, मधेच बोर, बाभळी. आमच्या माळापेक्षा काही वेगळं नव्हतं आणि तरी वेगळं होतं, कारण इथे आम्हाला कुठलंच काम नव्हतं. सरपण दिसलं की वहिनींचा हात आपोआप खाली जायचा. एका झुडपातून तित्तरांची जोडी फुर्रकन उडाली. तारेवर निळकंठ बसलेला दिसला, तसे वहिनींनी थांबून दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. डोळे उघडेपर्यंत तो उडून गेला होता. "बगा," खजिनदार म्हणाली, "डोळं मिटल्यावर काय दिसायचं?" वहिनींना ते पटलेलं दिसलं, कारण पुढचा निळकंठ त्यांनी हात न जोडता, तोंड उघडं टाकून बघितला.

मनोरा आला. लोखंडी जिना, वर पत्र्याचं छप्पर. वहिनींनी पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चपला काढल्या. मी हसले, आणि खाली बघते तर माझेही पाय उघडे! खजिनदाराच्यासुद्धा! उंच पायरी दिसली की चपला काढायच्या, हे आमच्या पायांना आमच्याआधी कळतं. आम्ही तिघी एकमेकींच्या पायांकडे बघून पोट धरून हसायला लागलो.

धाकटी हसत नव्हती. ती शेजारच्या दगडावर बसली होती. आमच्या चपला तिनं जोडीनं नीट लावून ठेवल्या होत्या, पिशव्या मांडीवर घेतल्या होत्या. शांतपणे म्हणाली, "जावा तुमी. म्या हाय हितं."

माझं हसू थांबलं. इतकी भांडणं केली, इतक्या जणींशी वाकडं घेतलं, नारळ परत ठेवला, एवढ्या लांब आलो, आणि इथे देव नाही, देऊळ नाही, ओटी नाही, तरी ही बाई चपलांपाशी बसली! मला भयंकर राग आला. आमचा राग आला, आत्याबाईंचा आला, दादांचा आला, आणि खरं सांगते, तिचाही आला.

"ऊठ."

"अक्का, चपला..."

"कोन नेनार हाय हितं चपला? काळवीट?"

"बसू द्या, अक्का," ती म्हणाली. तक्रारीनं नाही, अगदी साधेपणानं. "मला सवय हाय."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या, पण खजिनदारानं त्यांचा दंड धरला. मी वाकून माझ्या चपला उचलल्या आणि पायांत घातल्या. "घाला सगळ्यांनी," मी म्हटलं. "चपला घालूनच वर जायाचं. ज्येच्या त्येच्या पायात ज्येची त्येची चप्पल आनि ज्येच्या त्येच्या हातात ज्येची त्येची पिशवी." दोघींनी मुकाट्यानं चपला घातल्या. खजिनदारानं तिच्या मांडीवरून स्वतःची पिशवी उचलली. वहिनींनी त्यांची उचलली, आणि उचलताना पहिल्यांदाच ती केवढी जड आहे हे कळल्यासारखा चेहरा केला. मी माझी घेतली. आता तिच्या मांडीवर काहीच उरलं नाही. राखायला समोर चपलाही उरल्या नाहीत.

ती रिकाम्या हातांकडे बघत बसून राहिली. मला वाटलं, ही आता उठत नाही. मी तिला हाताला धरून ओढलं नाही. मला ओढून न्यायचं नव्हतं, ओढून नेलेलं माणूस काय बघणार? आम्ही तिघी जिन्यापाशी तशाच उभ्या राहिलो.

"तुमी व्हा फुडं," ती म्हणाली.

"न्हाई. तू फुडं."

बऱ्याच वेळानं ती उठली. लुगड्याचा घोळ आवरला आणि जिना चढायला लागली. लोखंडी पायऱ्यांवर तिच्या चपलांचा फटाक फटाक आवाज होत होता. मला तो फार आवडला.

वर आम्ही बराच वेळ बसलो. आधी काहीच आलं नाही. एक टिटवी कुणावर तरी खेकसत होती, एक खाटीक पक्षी बाभळीच्या काट्यापाशी काहीतरी खुडबुड करत होता. वहिनी किती वेळ गप्प बसू शकतात हे आम्ही सगळ्याच जणी पहिल्यांदा बघत होतो. मधे त्यांनी तोंड उघडलं, तर खजिनदारानं त्यात गुळाचा खडा घातला. माझ्या मनात धाकधूक होती, खोटं का बोलू? काहीच दिसलं नाही तर गावात सगळे हसतील. हसोत. पण हिनं एकच गोष्ट मागितली होती.

"आली," धाकटी म्हणाली.

आम्हाला काही दिसेना. तिनं बोट दाखवलं. गवताच्याच रंगाच्या माद्या, एकेक करत, आधी कान, मग मान, मग अख्ख्या. पंधरा-वीस तरी असतील. त्यांच्या मागून तो आला, काळाभोर, मान मागे टाकून, शिंगं पाठीवर. पाण्यापासून थोडा अलीकडे येऊन उभा राहिला. पळाला नाही. कुणी आरोळी दिली नाही, कुणी डबा बडवला नाही. तो नुसता उभा होता आणि धाकटी नुसती बघत होती. कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. तिच्या ते लक्षातही नव्हतं. मला रडू आलं. मी पदरानं डोळे पुसले, आणि हरणं बघायच्या वेळी मी हिच्याकडेच बघत बसले म्हणून स्वतःवर चिडले.

माद्या चरायला लागल्या. एक मात्र मान वर करून चौफेर बघत होती. वहिनी कुजबुजल्या, "हिला बगा, राखनीला लावलीया जनू." बोलून गेल्या आणि जीभ चावली.

धाकटीनं मान न वळवता म्हटलं, "बदलली. बगा, आता ती दुसरी हुबी हाय. पैली चराया गेली." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आता तिसरी." तिच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, ती फक्त दिसत होतं ते सांगत होती. वहिनींनी मात्र पिशवीतून भाकरी काढली, तिच्यावर ठेचा घातला आणि सगळ्यात पहिली धाकटीच्या हातात दिली. येताना त्या तिच्याशेजारी बसल्या आणि चक्क जामखेडपर्यंत तिचंच बोलणं ऐकत राहिल्या.

गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. आमच्या ओट्यावर दादा होते, दोन-चार माणसं होती, आत्याबाई उंबऱ्यात होत्या. गाडी थांबायच्या आत पलीकडच्या काकू पदर सावरत पुढे आल्या. आमच्याकडे कुणी देवाहून आलं की आधी त्याच्या पाया पडतात आणि मग प्रसादासाठी हात पुढे करतात. काकू वाकून माझ्या पाया पडल्यासुद्धा, मी मागे सरकायच्या आत. मग ओंजळ पुढे केली. "दे बया देवीचा परसाद."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. म्हणजे गल्लीभर सांगून झालं होतं.

"झालं का राशीनचं दर्शन?" दादांनी ओट्यावरून मोठ्यानं विचारलं. माणसांना ऐकू जाईल असं, आणि माझ्यावर डोळे रोखून. फक्त "व्हय" म्हणायचं होतं. घराची लाज राहिली असती, अबोला टळला असता, आणि पुढच्या सहलीला आम्ही पुन्हा ओटीचं सामान घेऊन निघालो असतो. माझं उत्तर तयार होतं. तिखटच होतं. मी तोंड उघडलं.

"राशीनला न्हाई गेलो," माझ्या मागून आवाज आला.

धाकटी गाडीतून उतरली होती. तिच्या हातात फक्त तिची स्वतःची पिशवी होती. घरात आल्यापासून दादांसमोर ती कधी एक शब्द बोललेली नव्हती. पदराआडून मान हलवायची, तेवढंच. आता तिनं पदर नीट घेतला, पण मान खाली घातली नाही. "परसाद न्हाई, काकू. हरनं बघायला गेल्तो. म्या बघितली. हुबी ऱ्हायलेली."

काकूंची ओंजळ तशीच पुढे होती. त्यांनी ती हळूहळू सोडली, दादांकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, आणि मग त्यांच्यानं राहवेना. "लई हुती का गं?"

"लई हुती. आनि काळा तर ह्यो असा, आपल्या बांधापासनं त्या लिंबाइतका लांब. पळाला न्हाई, काकू." ती सांगायला लागली. सांगता सांगता ओट्याच्या पायरीवर बसली, पुरुषमाणसं बसलेल्या ओट्याच्या पायरीवर, आणि काकू तिच्याजवळ खाली टेकल्या. शेजारच्या दारातून आणखी दोघी आल्या. आत्याबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत, पण कान त्यांचेही इकडेच होते. दादा उठून गोठ्याकडे गेले. जाता जाता सवयीनं म्हणाले, "चहा टाका गं कोनीतरी."

आमच्या घरात कोणीतरी म्हणजे धाकटी. ती बोलता बोलता थांबली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "तू सांग," मी म्हटलं. "चहा मी टाकते."